मापाचा सूट

९ जानेवारी

फाटला! पाठीवरून थेट कमरेपर्यंत. समुद्राच्या तळाशी खडकाखाली हात घालायला वाकले आणि रबरी सूट टर्रकन गेला. बर्फासारखं पाणी आत. वर आले तर श्वास सोडताना नेहमीची शीळ निघेना, नुसते दात वाजत होते.

शेगडीपाशी गुमसूनआक्का सगळ्यांसमोर म्हणाली, "चुनजा, सूट नाही फाटला, तूच सुटलीस!" समुद्रात बुड्या मारून शिंपले काढणाऱ्या आम्हा बायकांची ती म्होरकी. ऐंशीला टेकली, जीभ अजून विशीतली. सगळ्या हसल्या. मीपण.

१० जानेवारी

हेवॉनचा सोलहून फोन. "आई, आता पुरे. साठी आली तुझी. माझ्याकडे ये, उबेत राहा." तिचे बाबा गेल्यापासून पोरगी जिवाला घोर लावून बसलीय, कळतं मला. पण पुरे म्हणजे काय? म्हटलं, नवा घेते.

रुसली. संध्याकाळी तिचाच मेसेज — मीच पाठवते, भारीतला.

१५ जानेवारी

आला. हौशी लोकांचा. निळा, पाठीला चेन, छातीवर मासा! घालताना मी एकटी, काढताना चौघी. डोकंच अडकलं आत. आक्का ओढतेय आणि ओरडतेय, "जन्माला येताना आईलासुद्धा एवढा त्रास दिला नसशील गं!"

पाण्यात काही कामाचा नाही. चेनीतून गार पाणी झिरपतं, कमरेत ढगळ, खांद्यात करकचून. थोड्याच बुड्यांत ओठ निळे. आक्का म्हणाली, "हौसेला उतरणारे घटकाभर उतरतात. आपल्याला अख्खी ओहोटी काढायचीय. मापाचाच शिवून घे. ह्यॉनकडे जा."

हेवॉनला सांगितलं, छान आहे. मासा छान आहेच.

१७ जानेवारी

बाजारात ह्यॉन बोकसूचं दुकान. अरुंद, रबराचा नि गोंदाचा वास. बायको जाऊन बरीच वर्षं झाली म्हणे. बोलतो कमी. पहिला प्रश्न — "गार आधी कुठे लागतं तुम्हाला?"

हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं! म्हटलं, मानेखाली. मग पोटात.

मला सगळाच जाड हवा होता. तो म्हणाला, "जाड रबर तरंगतं. खाली जायला कमरपट्ट्यातलं शिसं वाढवावं लागेल, कंबर मोडेल तुमची. पाठपोट जाड ठेवू, काखा नि हात पातळ. टोपी अंगालाच जोडतो. चेन नको." रंग मी काळा म्हटलं. "नारिंगी घ्या. बोटवाल्यांना दिसायला हवं." मग मान खाली घालून, "किनाऱ्यावरूनही दिसतो."

टेप छातीभोवती. "श्वास भरा. सोडा. परत भरा." मी म्हटलं, "ह्यॉनभाऊ, अजून किती वेळा?" कान लाल झाले त्याचे!

हे आक्काला सांगितलं तर कपाळावर हात. "भाऊ? अगं वेडे, भाऊ कशाला म्हणालीस!"

२६ जानेवारी

काय सांगू! सूट झाला. गळ्याशी जरा आवळत होता, तर ह्यॉन स्वतः कात्री-गोंद घेऊन किनाऱ्यावर. तिथल्या तिथे कापलं, चिकटवलं. मी उतरले.

पाणी बाहेर, मी आत! मानेखाली थेंब नाही. शेवाळाच्या रानातून खाली, अजून खाली — घाई नाही, कापरं नाही. कितीतरी वर्षांनी मी तिथे नुसती बघत राहिले, मासे, उजेड. कपारीत जॉनबोक, माझ्या पंजाएवढा शिंपला! वर आले नि शीळ अशी निघाली की आक्का म्हणाली, "आली बघा नवरी!"

ह्यॉन खडकावर उभा, बूट ओले. "जन्मभर सूट शिवतोय," म्हणाला, "पाण्यात चाललेला आज पहिल्यांदा बघितला. तुम्ही खाली गेलात की मीही श्वास धरत होतो. जमेचना."

"अहो, मग तुम्हालाच उचलून न्यावं लागलं असतं!" आक्का.

३ फेब्रुवारी

गळा बघायला आला. गळा ठीक आहे. मग काखा बघितल्या. त्याही ठीक. जॉनबोकची पेज वाढली. वाटी बोटाने पुसून खाल्ली त्याने.

९ फेब्रुवारी

वारा. समुद्र बंद. तरी आला. "आज काय तपासायचंय?" "काही नाही. आज नुसताच आलो."

१३ फेब्रुवारी

हेवॉन फोनवर — "आई, आवाज असा काय तुझा? सर्दी झाली?"

"गात होते."



१८ फेब्रुवारी

आज ह्यॉन गाडीतून उतरला तो नारिंगी सूट घालूनच! स्वतःच्या मापाचा. पोट पुढे, चाल बदकाची. सगळ्या बायका शेगडी सोडून धावल्या, आक्का सगळ्यांत पुढे.

"मला पोहता येत नाही," माझ्यासमोर येऊन म्हणाला. "शिकवाल? शिकेपर्यंत इथेच राहीन म्हणतो. आणि मी फार हळू शिकतो."

मी हात पुढे केला. सगळ्यांदेखत.