लोकरीला विटाळ नसतो

सासूबाई, निजामाचं राज्य गेलं, कचेरीवरचं निशाण बदललं, पण हिंगोलीच्या बाजारात एकसारखी पाच बटणं काही मिळत नाहीत. चार काळी मिळतात आणि पाचवं करडं निघतं, दुकानदार म्हणतो, "बाई, लांबून बराबर दिसतंय." सून स्वेटर विणतेय, बटणं आणायचं माझ्याकडे. एवढ्या घोर अन्यायाची तक्रार कुणाकडे करावी? माझ्याशी बरोबरीनं भांडणारं माणूस तुमच्यामागे या घरात उरलं नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते.

तुमच्या राज्यात कावळा शिवला की सुनेनं तीन दिवस मागल्या पडवीत, घोंगडीवर. चुलीला, पाण्याला, माणसाला शिवायचं नाही. भावानं हैदराबादहून आणलेली मोरपंखी लोकर घेऊन मी पहिल्यांदा तिथं बसले, तेव्हा तुम्ही ओरडलात, "टाक ते खाली! विटाळ करून राहिलीस." मी म्हटलं, "तुमची सोवळ्याची धाबळी लोकरीची, ही घोंगडी लोकरीची. त्यांना विटाळ न्हाई, मग माझ्याच लोकरीला काहून?" तुम्ही, "वकिलाच्या घरी द्यायला पाहिजे होती ही," असं तुळशीला सांगून आत गेलात. त्या तीन दिवसांसारखं सुख मला माहेरीही नव्हतं. एक ओळ सुलट, एक उलट. नक्षी नाही, वेलबुट्टी नाही. हात सैल ठेवायचा, म्हणजे स्वेटर इतका हलका होतो, की अंगात आहे हे फक्त थंडीला कळावं. उन्हाची तिरीप घोंगडीवरून सरकते आहे, आणि मला कुणी हाक मारत नाही, कारण मारून उपयोग नाही.

एका पौषात बाही अर्धी राहिली आणि दिवस संपले. आठवड्यानं मी पुन्हा पडवीत जाऊन बसले. तुम्ही दारात, धाबळी नेसून, दम्यानं धापा टाकत. "काहून गं, या महिन्यात कावळ्यानं तुझ्याच डोक्यावर घरटं बांधलं का?" आता लोकर जाते, पडवी जाते, बात मामंजींपर्यंत जाते, असं मी धरूनच चालले. तुम्ही लांबूनच वाकून बाही पाहिलीत. "आखूड करू नको. थंडी मनगटातून शिरते," म्हणालात, आणि घरभराचा स्वयंपाक करायला आत गेलात.

तुम्ही गेलात त्याच वर्षी मी पडवीत सरपण रचलं. आमच्याकडे आता कुणी बाहेर बसत नाही. गल्ली म्हणते, हिच्या घरचं पाणी प्यायची सोय राहिली नाही. न प्यावं! तुम्ही असतात, कितीही रागावला असतात, तरी मी ते सरपण हलवलं नसतं. एवढंच कबूल करते, की पडवीबरोबर ती सवडही गेली. सून महिन्याचे तीसही दिवस चुलीपुढे असते.

आज सकाळी ती म्हणाली, "आई, डोकं लय दुखून राहिलंय," आणि सुया घेऊन अंगणात उन्हाला बसली. दुखऱ्या डोक्याचं माणूस गुणगुणत टाके मोजत नाही, एवढं मला कळतं. मी तिला उन्हातच बसू दिलं. हे पत्र धाडायला तुमचा पत्ता नाही, चुलीत जाईल. नाहीतरी आज चूल मलाच पेटवायची आहे.