गिअरचं तेल

मंगळवार संध्याकाळ, येरमाळा

राग अजून उतरत नाही. आईला डायलिसिसला नेताना येडशीपुढं गाडीनं ओढणंच सोडलं. इंजिन गुरगुरतंय, गाडी जागेवर! मागच्याच आठवड्यात मेकॅनिकला म्हटलं होतं, "गिअरचं तेल बघा, जळका वास येतोय." हे तेल गाडी गरम, इंजिन चालू असताना बघतात; बंद गाडीत ते जास्त दिसतं. त्यानं गार, बंद गाडीचीच तेल मोजायची पट्टी ओढली आणि माझ्याऐवजी ह्यांना सांगितलं, "तेल बरोबर हाय. मॅडमला ऑटोमॅटिक जमंना." हे हसले. मी तशीच गाडी चालवत राहिले. का राहिले?

आज रस्त्यातच इंजिन चालू ठेवून पट्टी काढली. टोकाला जेमतेम एक काळा थेंब, तोच जळका वास. शेवटी अनोळखी जीपवाल्यानं आईला पोचवलं, दोन तास उशिरा.

घरी हे म्हणाले, "त्याच मेकॅनिकला बोलावतो."

म्हटलं, "गाडी माझी आहे. मेकॅनिक मी ठरवीन. तुम्ही फक्त हसू नका."