सरकारी पाळणाघरातली जागा

४ मार्च
सरकारी पाळणाघरात जाऊन आलो. फुकट जागेसाठी मूल दोन ते पाच वर्षांचं हवं. ठमी अडीचची, तिथे अडचण नाही. आईवडील दोघंही नोकरीत हवेत. एकच पालक असेल तर दुसऱ्याच्या मृत्यूचा दाखला, आणि त्या पालकाचं काम आठवड्याला किमान तीस तास. माझं बावीस. ही गेल्यापासून दुपारी घरी यावं लागतं — शेजारच्या काकू ठमीला तेवढाच वेळ बघतात. म्हणजे जागा नाही म्हणून तास कमी, आणि तास कमी म्हणून जागा नाही. खिडकीवरच्या बाईंना हे सांगितलं. नियम मी नाही केले, म्हणाल्या.

५ मार्च
ताईचा फोन. महिनाअखेर सोय झाली नाही तर ठमीला ती घेऊन जाणार. "माझ्या तिघांत चौथी. तुला तिचे केस तरी विंचरता येतात का?"
ताईचं घर एका दिवसाच्या प्रवासावर. बघू, म्हणालो. ताईला तो होकार वाटला असणार.

९ मार्च
छापखान्यात फोरमनकडे तीस तासांचं पत्र मागितलं. आधी तीस तास ये, मग पत्र ने, म्हणाले. जरा वेळाने जवळ आले. "खोटं लिहीनही रे. पण कुणी हजेरीपुस्तक उघडलं तर दोघंही घरी बसू. मग पाळणाघर हवंय कशाला?"
हसलो. बऱ्याच दिवसांनी.

१३ मार्च
ताईने ठमीच्या कपड्यांची मापं मागितली. दिली नाहीत.

२० मार्च
तरीही अर्ज भरून नेला. बाईंनी यादी पाहिली. म्हणाल्या, दुसरा कशाला? तुमचा आहे की, तेरा जानेवारीचा! पूर्ण वेळेचं पत्रही जोडलंय, आणि तास अर्जाच्या दिवशीचेच धरतात. आईचा दाखला तेवढा द्या, सोमवारपासून मुलीला आणा.
मी अर्ज केलाच नव्हता. बघायला मागितला. अक्षर हिचं, सही माझी. ती पुढे करायची त्या कागदावर मी न वाचता सही करायचो. छापखान्याचं पत्रही तिनेच कसल्याशा कामाला म्हणून मागून घेतलं होतं.
दाखला दिला. ताईला कळवलं.

२१ मार्च
काल एक लिहिलं नाही. आईच्या रकान्यात हिने लिहिलंय — हयात नाही, दाखला मागाहून. ती गेली चार फेब्रुवारीला. डॉक्टर काय म्हणाले ते ताईने आणि मी तिला शेवटपर्यंत कळू दिलं नव्हतं.