पायाळूचा पाय

१६ जानेवारी १९७४
आज पुन्हा तेच लाल इंजेक्शन! मी सांगत होते — उजव्या गुडघ्यापासून खाली घोट्यापर्यंत वीज उतरते, रात्री पायावर पांघरूण सहन होत नाही, चालताना पाऊल ओढलं जातं — आणि वाटूरचा हा थोर डॉक्टर पेपर वाचत होता. मान वर न करता म्हणाला, "अशक्तपणा आहे. गूळ-शेंगदाणे खा." पायाकडे बघितलंसुद्धा नाही. बाईमाणसाचा पाय बघायची लाज वाटते म्हणे. दंडात सुई खुपसायची वाटत नाही.

१९ जानेवारी
हेडमास्तरांनी बोलावलं. "बाई, तुम्ही लंगडता, पोरं नक्कल करून राह्यली. आन दिसत तर काहीच न्हाई. दुखण्याचं नाव आना डॉक्टरकडून, न्हाईतर बिनपगारी रजेवर जा."
म्हणजे नाव नसलेलं दुखणं हा कामचुकारपणा! स्वतः पाचवीच्या तासाला खुर्चीत घोरतात, त्याला काय नाव आहे?
रजा घेऊन चालणार नाही. आई आणि मी, दोघींचं पोट या फळ्यावर आहे. नाव तर नाव. शोधते.

२४ जानेवारी
संध्याकाळी मागच्या कुंपणातून मळेवाल्या दुर्गाबाई आल्या. पाठीत उसण भरली होती.
मी पायाळू ना! आईच्या पोटातून माझे पाय आधी बाहेर आले, म्हणून माझा उजवा पाय लागला की कुणाचीही उसण उतरते, अशी अख्ख्या गावाची खात्री. मला हे बिलकुल पटत नाही. बाबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा देव, अंगारे, ताईत सगळं नदीत सोडलं. "विटाळ हा शब्द या घरात पुन्हा कुणी उच्चारायचा नाही," असं बजावलं. बाबा गेले, पण तो शब्द काही घरात परत आला नाही. आणि आता त्यांच्याच मुलीच्या पायाखाली मळेवाले पाठ देतात!
दुर्गाबाई तोंडावर पदर ओढून ओणव्या झाल्या. "जल्दी लाव गं मास्तरीण, कुनी बघंल." मी भिंतीला धरून तीनदा पाय लावला. घरी गेल्यावर त्या डोक्यावरून पाणी घेतात. त्यांची गडीबाईच सांगते सगळ्यांना.
तरी मी नाही म्हणत नाही. का? कारण ती वाकलेली पाठ बघायला मला आवडतं! तिसऱ्या वेळी पाय जरा जोरातच हाणते.
सगळ्यांच्या पाठी माझ्या पायाने बऱ्या होतात. माझा पाय कुणाच्या पाठीने बरा व्हायचा?

३ फेब्रुवारी
आईच्या हट्टापायी तीर्थपुरीला गेले. कडूबा म्हणून हाडवैद्य आहे, त्याच्या ओट्यावर ही गर्दी! कण्हणारे, कुंथणारे, आणि मध्ये हा मिशा पिळत.
आधी गाव विचारलं. मग आडनाव. आडनाव ऐकलं आणि उठून फडकं आणलं, दोन्ही हातांना गुंडाळलं, मग माझ्या पाठीला हात लावला. मी तिथेच उठायला हवं होतं. उठले नाही. दुखणं माणसाला किती खाली बसवतं!
पाठीत गुडघा रोवला, खांदे मागे ओढले. कडाकडा वाजलं. "नस चढल्ती. बसली बघ बराबर!" आई हात जोडून उभी. आईचा मला जास्त राग आला.

४ फेब्रुवारी
नस कुठली बसतेय! वीज तशीच. पाठ नवीन दुखायला लागली, तेवढा फायदा.

१८ फेब्रुवारी
जालन्याला मोठ्या डॉक्टरकडे. मणक्याचा फोटो काढला. डॉक्टरने तो उजेडात धरून कौतुकाने बघितला, जणू मुलगी दाखवायला आणलीय. "मणके उत्तम आहेत! लग्न झालंय का?"
नाही म्हटलं.
"करून टाका. नसा आपोआप शांत होतात."
मग बाहेर लुगडी नेसून, कपाळ भरून बसलेल्या एवढ्या बायका काय हवा खायला आल्या होत्या? विचारणार होते. पण एसटी चुकली असती.
उत्तम मणके घेऊन लंगडत घरी आले. नाव नाही ते नाहीच.

६ मार्च
शाळेत जीप आली, महारोगाच्या तपासणीची. पोरांना डोळे मिटायला लावायचे, अंगाला कापसाचं टोक लावायचं, जिथे लागेल तिथे पोराने बोट ठेवायचं. मी मुलींची रांग सांभाळली. कुणी निघालं नाही. हेडमास्तर मात्र दिवसभर नाकाला रुमाल लावून लिंबाखाली उभे! कापसालासुद्धा भ्यायले.

७ मार्च
उजव्या नडगीवर बाहेरून एक फिकट चट्टा आहे. तळहाताएवढा. वर्ष झालं असेल. मी शिबं समजत होते. आज पाय धुताना तिथे नजर थांबली. घरी कापूस होताच. त्याचं टोक वळलं, आईच्या हातात दिलं, डोळे मिटले. म्हटलं, लाव या पायाला कुठंही.
"ह्यो काय पोरखेळ?"
"लाव ना आई."
मी वाट बघत बसले. म्हटलं, लावतेस का नाही?
"कवाच लावला की!"
डोळे उघडले. कापूस चट्ट्यावर होता.
इतके महिने जो तो विचारत होता, कुठे दुखतं. कुठे दुखत नाही, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मला फार भीती वाटतेय.

१६ मार्च
औरंगाबाद. मोठा दवाखाना. या डॉक्टरने माझं पाऊल उघड्या हातांत घेतलं. पहिल्यांदाच कुणीतरी! गुडघ्याच्या बाजूला दाबलं, तिथे दोरीसारखी जाड नस होती. मी ओरडले.
महारोगच. मिळालं नाव! जा म्हणावं, दाखव हेडमास्तरला.
"वेळेवर आलात. गोळ्या घ्या, दोन-तीन वर्षं लागतील. पाऊल सुधारेल. तुमचा हा प्रकार दुसऱ्याला लागत नाही. कुणाला पाय लागला, हात लागला, काही होत नाही." हे मी त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं.
येताना एसटीत आई एवढंच म्हणाली, "गावात बोलू नको." मग खिडकीकडे तोंड करून रडत राहिली.

२४ मार्च
दुर्गाबाई आल्या. भर दुपारी, पुढच्या दाराने! कळ फारच असणार. आल्या आल्या ओणव्या झाल्या. मी भिंतीला धरून पाय उचलला आणि तसाच मागे घेतला. डॉक्टरांचे शब्द मला पाठ होते. तरी घेतला.
"लाव ना गं."
"नको. विटाळ होईल."
त्या तशाच वाकलेल्या. "आता कशाचा इटाळ, बाई? टोमने नको मारू. लाव."
टोमणा नव्हता तो. मी माझ्या पायाबद्दल बोलत होते, बाबा.