डेलचा चमकता पत्रा

प्रिय बाबा,

"अरे डेल, मांजरमासा नाकाने जेवतो, वासावर येतो! गळाला कोंबडीची कलेजी लाव. तो चमकता पत्रा बायकांच्या कानात शोभेल!" आपल्या तळ्यावर तुम्ही असं म्हणालात, तेव्हा धाकट्या भावाला सगळ्यात मोठ्याने मीच हसले होते.

मी बरी आहे. इथे ओहायोत ऊन तिकडच्याइतकं भाजत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? शेजारची ओपल मक्याची भाकरी करून देते ना?

शनिवारी पाऊस पडून गेल्यावर घरामागचा ओढा गढूळ झाला होता. मी गळाला आमिष म्हणून तसाच पत्रा बांधला आणि डेल ओढायचा तसा तळाशी हळूहळू ओढला. चांगला चार पौंडांचा मांजरमासा लागला. "गढुळात त्याला पत्र्याची थरथर ऐकू येते, ताई," असं डेल म्हणायचा. आपण कुणी मनावर घेतलं नाही. मासा सोडून दिला आणि काठावर रडत बसले.

डेल गेल्याला तीन वर्षं झाली. अजून फोनवर त्याचं नाव निघालं की तुम्ही पावसापाण्याचं बोलू लागता.

बाबा, शेडचं कुलूप काढा आणि त्याची आमिषांची पेटी मला पाठवा. तुम्ही नाही म्हणाल, ठाऊक आहे. तरी मागते.

तुमची लेक,
वर्ना