अर्ध्या मशीनचं भांडण

प्रिय धाकटे,

इकडे शिंकलं तर तिकडे ऐकू येतं इतकं जवळ तुझं दार, आणि मी तुला पत्र लिहितेय हे पाहून तू कपाळाला हात लावशील. पण फोनवर बोलले तर भिंतीपलीकडून तुझे मास्तर ऐकतील, आणि मेसेज पाठवला तर ह्यांना माझा फोन उचलून सगळे मेसेज मोठ्याने वाचायची खोड आहे. म्हणून कागद. मास्तरांचा तास सुरू झाला, ते पडद्यावरच्या मुलांना भूमितीसाठी दटावायला लागले की दाराखालून सरकवीन. हात धुऊन लिहायला बसलेय. तरी कागदाची भीती वाटली तर वरून इस्त्री फिरव, शाई पसरत नाही, मी करून पाहिलंय. फक्त एकटीने वाच आणि वाचून झालं की फाडून टाक.

काल संध्याकाळी तू आमच्या दारात येऊन उभी राहिलीस. मास्क डोळ्यांपर्यंत ओढलेला, तरी रडून आलीस ते लपत नव्हतं. "भाऊजी, चुकलं माझं. उद्यापासून तुमचे कपडे मशीनमध्ये टाका, आणि घर सोडून कुठेही जायचं नाही," असं एका दमात बोललीस. हे हातातला चहा तसाच ठेवून दाराकडे धावले आणि लांब उभं राहायचं असतं हे आठवून मध्येच थबकले. मी मात्र नुसतं "बरं" म्हटलं आणि दार लावून घेतलं. तुला वाटलं असेल, थोरलीच्या नाकावरचा राग अजून उतरलेला नाही. राग नाही गं. राग असता तर जिन्यात उभी राहून सांगितला असता, पत्र कशाला लिहिलं असतं. जे आहे ते मला धड सांगता येईल की नाही कोण जाणे. सकाळपासून ओटा पुसतेय, खिडकी उघडतेय, लावतेय, परत उघडतेय. हे ड्यूटीवरून यायच्या आत तुझ्यापर्यंत पोचायला हवं. हॉस्पिटलच्या वसतिगृहात ह्यांच्यासाठी जी खाट राखून ठेवली आहे, ती उद्या सकाळी दुसऱ्या कुणाला देऊन टाकणार आहेत. तिकडे जायचं की घरी राहायचं, ते आजच ठरणार.

सुरुवातीला आपण दोघी किती हसायचो. सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये काड्यापेटी टांगली. बटण काडीने दाबायचं आणि काडी डब्यात टाकायची. पहिल्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका मुद्दाम अंगठ्याने बटण दाबून दाखवायचे आणि हे सगळं औषधवाल्यांचं कारस्थान आहे म्हणायचे. त्यांच्या समोरच्या शिंपीणबाई मग ते बटण पुसत बसायच्या. त्यात कुणीतरी काड्यापेटीने लिफ्टला आग लागेल म्हणून बोंब मारली आणि जिन्यात सभा भरली, तीही अंतर ठेवून, त्यामुळे जो तो बेंबीच्या देठापासून ओरडत होता. आपण दोघी वरच्या कठड्याला टेकून पोट धरून हसत होतो. मग कुणीतरी म्हणालं, हॉस्पिटलात काम करणाऱ्यांनी लिफ्ट वापरू नये. इमारतीत हॉस्पिटलात जाणारा माणूस एकच. सगळ्या माना वर आपल्याकडे वळल्या, तेव्हा तुझं हसू आधी थांबलं, माझं जरा उशिराने.

तेव्हापासून हे जिन्याने चढतात. लॉन्ड्रीत दिवसभर उभं राहून पाय आधीच भरून आलेले असतात. तिथे चादरी बंद पिशव्यांतून येतात. पिशवी न उघडता तशीच मोठ्या मशीनमध्ये ढकलायची, ती आत गरम पाण्यात विरघळून जाते. असे ढीगच्या ढीग. आख्ख्या हॉस्पिटलचे कपडे धुणाऱ्या माणसाला स्वतःचा शर्ट धुवायला घरात मशीन मिळू नये, यावर मी किती तोंडसुख घेतलं ते तुला माहीत आहे. मशीन दोन्ही घरांत मिळून एकच, तुमच्या बाल्कनीत नळ आहे म्हणून तिकडे ठेवलेलं. त्या दिवशी मी नेहमीसारखी टोपली घेऊन आले आणि तू दारात आडवी उभी राहिलीस. "ताई, रागावू नका, पण भाऊजींचे कपडे नकोत. चिमणीचे कपडे यातच असतात." तुझ्या लेकीचा दमा मला काय नवीन आहे? तिला धाप लागली की तुझ्याआधी मी धावून आलेय. तरी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मग आमचं अर्धं मशीन कापून दे," असं मी ओरडले. ते पार खालपर्यंत गेलं असणार, कारण ड्रायव्हरकाकांनी तिथूनच मला शाबासकी दिली.

मग रोज तेच. तू दाराच्या फटीतून, मी जिन्यातून. कपडे बादलीत आपटायचे तेसुद्धा मी तुझ्या बाल्कनीच्या बाजूला आपटायचे, तुला ऐकू जावं म्हणून. शिंपीणबाई तुझ्या बाजूने, ड्रायव्हरकाका माझ्या बाजूने, आणि सेक्रेटरी दोघींनाही हो हो म्हणणारे. मला त्या भांडणाची सवयच झाली होती. खरं सांगू का, भांडताना मला बरं वाटायचं. तुला भित्री म्हटलं की मी आपोआप शूर ठरायचे.

थांब, जिन्यात आवाज झाला म्हणून उठून बघून आले. कुणी नाही. सेक्रेटरी कठड्यावर औषध फवारतायत.

ते कपडे मी धुते कसे, ते तुला कधी दिसलं नाही. ह्यांचा शर्ट मी हाताने उचलतच नाही. झाडूच्या दांड्याने बादलीत ढकलते. पाणी इतकं कढत घेते की शर्टांचे रंग उतरलेत. रबरी हातमोजे घालते आणि त्यावरून प्लास्टिकच्या पिशव्या बांधते. आधी वाटलं ही काळजी आहे, सगळेच घेतात. मग जेवण सुटलं. हे आंघोळ करून येईपर्यंत मी त्यांचं ताट मांडते आणि मला भूक नाही, मागून बसते असं सांगून स्वयंपाकघरात उभी राहते. पाठ धरलीय म्हणून बाहेरच्या खोलीत जमिनीवर झोपते. माझी पाठ ठणठणीत आहे. हे बिचारे मलम घेऊन आले, तर ती नळीसुद्धा मी पुसून घेतली. परवा त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि मी तशीच वळून नळाखाली हात धरले. त्यांनी पाहिलं. "बरोबर आहे, धुवायलाच हवेत," म्हणाले आणि स्वतःचेही परत धुतले.

त्यांच्या जोडीला काम करणारा तो जाड चष्मेवाला तुला आठवत असेल, एकदा येऊन आपलं मशीन दुरुस्त करून गेला होता. तो आता त्याच हॉस्पिटलात वरच्या वॉर्डात ऑक्सिजनवर आहे. त्याच्या अंथरुणातल्या चादरी ह्यांच्याकडेच धुवायला येतात. "कुठली त्याची, ते कळत नाही," असं हे म्हणाले. त्या वेळी कुठलीही बायको उठून नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवते. मी माझी खुर्ची थोडी मागे सरकवली.

धाकटे, मला ह्यांची भीती वाटते. तुझ्या भीतीला निदान कारण आहे, ते तुझ्या कडेवर बसलेलं असतं. माझ्याकडे तेही नाही. मला दमा नाही, साखर नाही, सांभाळायला मूल नाही. मी धडधाकट बाई आहे आणि संध्याकाळी जिन्यात त्यांची पावलं वाजली की मी आधी खिडकी सताड उघडते. लग्न झाल्यापासून याच पावलांसाठी मी कान लावून बसायचे. आता ती वरच्या वळणाला आली की वाटतं, अजून थोडा वेळ तिथेच थांबावं त्यांनी.

आणि हे तिकडे सगळ्यांना काय सांगत फिरतात? माझी बायको वाघीण आहे. लॉन्ड्रीतले बाकीचे केव्हाच वसतिगृहात राहायला गेले. कुणाच्या बायकोने हात जोडले, कुणाच्या घरमालकाने कुलूप बदललं. हेच एकटे घरी येत राहिले, "आमच्या घरात कुणी घाबरत नाही" म्हणून. परवा मास्तर जिन्यात म्हणाले, "दादा, थोडे दिवस तिकडेच राहा ना, कुणाचं काय अडतंय," तेव्हा दोघा भावांचं केवढं वाजलं ते तू ऐकलंस. तुला पाठीवर घेऊन शाळेत पोचवलं आणि तू मला जिना दाखवतोस, असं हे म्हणाले. आयुष्यात कधी एकमेकांना अरे म्हणून दरडावलं नव्हतं त्यांनी. आत आले, माळ्यावरून बॅग काढली आणि भरायला लागले. मी तोंडाने म्हणत होते, कशाला जाता, घर तुमचं आहे, मी बघते कोण काय करतं ते. आणि हाताने त्यांच्या पायमोज्यांच्या घड्या घालून बॅगेत ठेवत होते. बॅग दाराशी ठेवली होती, तेवढी एक रात्र मला नीट झोप लागली.

मग काल तू आलीस. चिमणीने तुला विचारलं म्हणे, काका कुठे चाललेत, आणि तुझ्याने राहवेना. तू निघून गेल्यावर ह्यांनी सगळी बॅग रिकामी केली. एकेक शर्ट झटकून कपाटात लावला. शीळ घालत होते गं. केव्हापासून ऐकली नव्हती मी ती. "बघितलंस, धाकटीचं मन किती मोठं आहे. आणि तू तिला नाही नाही ते बोललीस," असं मलाच ऐकवलं. मग कपाट लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "खरं सांगू, तू घाबरली नाहीस म्हणून मी टिकलो. नाहीतर माझे पाय केव्हाच गळाले असते." मी कपाटाच्या दाराला धरून उभी होते. तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा, आणि म्हटलं काय, तर निळा शर्ट खालच्या कप्प्यात ठेवा.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते मागते. आज संध्याकाळी हे टोपली घेऊन तुझ्या दारात येतील. हसत येतील, आणि तेच तुला जड जाईल. ती टोपली घेऊ नकोस. चिमणीला रात्री त्रास झाला म्हण, विचार बदलला म्हण, मनाला येईल ते म्हण, पण इथे राहू नका असं त्यांच्या तोंडावर सांग. ते मी का सांगत नाही, असं विचारशील. तुझ्यामुळे गेले तर चिडून जातील, तिकडे तुला लाखोली वाहतील, आणि हे सगळं निवळलं की परत येऊन तुझ्याच हातचा चहा मागतील. माझ्यामुळे गेले तर परत कुणाकडे येतील? मला ते हवे आहेत गं, आणि ते या घरात नको आहेत. दोन्ही खरं आहे, यातलं जास्त खरं कुठलं ते मला विचारू नकोस. तुझं नाव खराब होईल, मास्तरसुद्धा तुझ्यावर वैतागतील, कालच माफी मागून आज फिरली म्हणून आख्खी इमारत तुला नावं ठेवील. माझ्या वाट्याचा वाईटपणा मी तुझ्या पदरात टाकतेय हे मला कळतंय, आणि तुझ्याशिवाय मला दुसरं कुणी नाही. मी ह्यांच्या मागेच उभी असेन. नेहमीसारखी तुझ्यावर ओरडेन, तुला दगडाच्या काळजाची म्हणेन, कदाचित ह्यांचा हात धरून रडेनसुद्धा. माझं काही ऐकू नकोस. दार लावून घे.

तुझीच,
थोरली