फुटायच्या आधीची पार

शनिवार, १७ नोव्हेंबर २०१२, दवनीवाडा

आज नागपूरला आईचा एको झाला. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या नसेच्या मुळाशी आलेला फुगा गेलाय, ठिगळ पक्कं बसलंय. मला रडूच आलं.

उन्हाळ्यात ती ऑपरेशन नको म्हणून अडून बसली होती. "फुटला नाही तं कापाचं कायले?" शेवटी मीच चिडून शेताच्या बांधाचा, आमच्याकडच्या पारीचा, दाखला देत विचारलं, "धानाच्या बांधीची पार पाण्यानं फुगली तं माती कवा टाकतेस? फुटल्यावर?" चिडायला नको होतं का? पण दुसऱ्या दिवशी तिनं दवाखान्यात जायला पिशवी भरली.

आज घरी पोचताच शेजारच्या काकूला सांगून राहिली होती, "डॉक्टर तं घाबरला होता. मीच म्हटलं, पार फुटाची वाट कायले पाहाची?"

माझं वाक्य गेलं. जाऊ दे, आई राहिली.